बाकी एक : आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा इतिहास

बेल्जियममधल्या बँक खात्याचा क्रमांक कसा दिसतो हे सांगण्यासाठी एक नमुना नेहमी छापला जातो : बीई६८ ५३९० ०७५४ ७०३४. आरंभी दोन अक्षरे, त्यांना लागून दोन आकडे आणि पुढे बारा आकडे, अशी एकूण सोळा चिन्हे. वाचायला सोपे जावे म्हणून कागदावर चार-चारांचे गट पाडतात, संगणकात मात्र सगळे सलग असते. अशा क्रमांकाला 'आयबॅन' म्हणतात. तो आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक या इंग्रजी नावाचा संक्षेप आहे. आज ऐंशीहून अधिक देशांत तो चालतो. भारतात चालत नाही.

तरीही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा त्याच्याशी संबंध येतो. जर्मनीत शिकणाऱ्या मुलीचे घरभाडे, नेदरलँड्समधल्या भाच्याला पाठवायचे पैसे, दुबईत काम करणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाचा पगार, या सगळ्यांच्या कागदावर हा लांबलचक क्रमांक असतो. मी अर्थशास्त्राचा किंवा गणिताचा पदवीधर नाही. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील फॉर्म घेऊन माझ्याकडे येत आणि 'आयबॅन' या रकान्यावर बोट ठेवून विचारत, "इथे काय लिहायचं?" त्या रकान्यामुळे मी देशोदेशीच्या क्रमांकांचे नमुने वहीत उतरवू लागलो. मानके आणि कायद्यांचे मसुदे शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. भागाकार हाताने करून पाहिले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

प्रश्न एकच आहे. पैसे पाठवताना माणसाच्या नावाची जागा क्रमांकाने कशी घेतली, आणि या बदलात काय राखले गेले व काय सुटले?

हुंडीवरचे दोन पहारे

पेशवाईत पुण्याहून दूरच्या शहरात रक्कम पोचवायची तर नाणी घोड्यावर लादून नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी नेणे सोयीचे असे. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीला केलेली आज्ञा : इतके रुपये अमक्याला द्यावेत. हातात पडताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यायचे ती मुदती.

हुंडीचा मजकूर लिहिण्याची एक रीत होती. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायचीच, शिवाय तिचे निमे किती हेही लिहायचे आणि त्या निम्म्याची दुप्पट म्हणजे पूर्ण रक्कम, असेही नमूद करायचे. हजाराची हुंडी असेल तर पाचशेचा उल्लेख येणारच. कोणी एक शून्य वाढवले तर निम्म्याशी मेळ बसत नसे. शाई पसरून एखादा आकडा पुसला तरी उरलेल्या मजकुरावरून रक्कम काढता येई. एकच माहिती दोन-तीन वाटांनी सांगायची आणि त्या वाटा एकमेकींशी जुळतात का ते पाहायचे. हा हुंडीवरचा पहिला पहारा.

दुसरा पहारा माणसाचा होता. नामजोग हुंडी तीत नाव असलेल्याला मिळे, धनीजोग हुंडी धन्याला मिळे. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र 'शहा'लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. पैसे देणाऱ्या पेढीला समोरचा माणूस त्या योग्यतेचा आहे की नाही याची खात्री करून घ्यावी लागे. मूळ हुंडी हरवली तर 'पेठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपेठ', आणि त्यापुढे 'मेजर'. पैसे चुकते झाले की हुंडीचा 'खोका' होई.

म्हणजे रकमेचा ताळा कागदावर होता आणि घेणाऱ्याची ओळख बाजारात होती. पुढचा इतिहास वाचताना हे दोन पहारे लक्षात ठेवावेत.

खात्याला क्रमांक

युरोपात सामान्य माणसाच्या खात्याला क्रमांक मिळाला तो मुख्यतः टपाल खात्यामुळे. १८८३ साली व्हिएन्नात ऑस्ट्रियाची टपाल बचत बँक सुरू झाली. तिचा कर्ताधर्ता गेओर्ग कोख. एका खातेदाराने दुसऱ्याला पैसे द्यायचे तर रोख काढायची गरज नाही. टपाल कचेरीला कळवले की एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा. या पद्धतीला 'जिरो' म्हणतात, मूळ अर्थ फेरा किंवा वर्तुळ. स्वित्झर्लंडने ती १९०६ साली, जर्मनीने १९०९ साली आणि नेदरलँड्सने १९१८ साली उचलली.

गावच्या पेढीवर खातेदाराला चेहऱ्याने ओळखत. देशभराच्या टपाल कचेरीत ते अशक्य होते. एकाच नावाची अनेक माणसे, एकाच माणसाच्या नावाची अनेक लेखने. क्रमांक ही कारकुनाची गरज होती. नावाने शोधायचे तर याद्या चाळाव्या लागत. क्रमांक असला की हात थेट त्या कप्प्यात जाई.

नेदरलँड्समध्ये हे जिरो क्रमांक फार लहान असत. आपत्तीग्रस्तांसाठी मदत गोळा करणारे 'जिरो ५५५' हे खाते तिथे घरोघरी ठाऊक आहे. पैसे पाठवायला तीन आकडे पुरत. या टपाली क्रमांकांना एक उणीव होती : त्यांत ताळ्याचा आकडा नव्हता. त्याच देशातल्या इतर बँकांच्या क्रमांकांना तो होता. डच लोक त्याला 'अकराची कसोटी' म्हणतात. प्रत्येक आकड्याला त्याच्या स्थानाप्रमाणे गुणायचे, बेरीज करायची आणि तिला ११ ने निःशेष भाग जातो का ते पाहायचे. टपाली जिरो क्रमांकात एक आकडा चुकला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी खरा क्रमांक ठरू शकत असे, आणि कारकुनाला चूक कळायला काही मार्ग नव्हता.

ताळा

मराठी शाळेत शिकलेल्याला 'ताळा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गुणाकार झाला की मास्तर म्हणत, ताळा करून पाहा. जुन्या लोकांना नऊने ताळा पाहण्याची रीत येत असे. संख्येतल्या आकड्यांची बेरीज करायची, नऊ-नऊ काढून टाकायचे आणि जे उरेल ते दोन्ही बाजूंना जुळते का ते पाहायचे. रीत सोपी आहे, पण तिच्यात एक भोक आहे. ५४ च्या जागी ४५ लिहिले तर आकड्यांची बेरीज तीच राहते, म्हणून ताळा जुळतो आणि चूक निसटते. हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, आकड्यांची अशी अदलाबदल ही अगदी नेहमीची चूक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला क्रमांक यंत्रात जाऊ लागले तेव्हा हे भोक बुजवायचे प्रयत्न सुरू झाले. आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून याने १९५४ साली एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६० साली मंजूर झाले. एकाआड एक आकडा दुप्पट करायचा आणि बेरीज दहाच्या पटीत येते का ते पाहायचे. आपल्या खिशातल्या क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा याच रीतीने काढलेला असतो. तिच्यातूनही ०९ आणि ९० यांची अदलाबदल सुटते. १९६९ साली डच गणिती याकोबस फेरहूफ याने शेजारच्या आकड्यांची प्रत्येक अदलाबदल पकडणारी पद्धत मांडली. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा फेरहूफच्या पद्धतीचा आहे.

आयबॅनसाठी निवडला गेला तो ९७ चा भागाकार. ९७ ही दोन अंकी संख्यांतली सर्वांत मोठी मूळ संख्या. बेल्जियमचे बँक क्रमांक आधीपासूनच ९७ वर चालत. वर दिलेला नमुना तिथल्या जुन्या पद्धतीने ५३९-००७५४७०-३४ असा लिहीत. पहिल्या दहा आकड्यांना, म्हणजे ५३९००७५४७० ला, ९७ ने भागले की बाकी ३४ उरते, आणि शेवटचे दोन आकडे ३४ च आहेत. निम्म्याची दुप्पट पुरी रक्कम, तसलाच हा प्रकार.

आता पूर्ण आयबॅन तपासू. पहिली चार चिन्हे उचलून शेवटी न्यायची. अक्षरांच्या जागी संख्या घालायच्या : ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे झेडपर्यंत ३५. बी ११ आणि ई १४. तयार झालेली संख्या अशी :

५३९००७५४७०३४१११४६८

हिला ९७ ने भागायचे. एवढा मोठा भागाकार एकदम करायची गरज नाही, तुकड्यातुकड्याने जमतो. ५३९००७५४७०३४ ला भागल्यावर उरतात ३९. त्यापुढे १११४ मांडले की ३९१११४. याला भागल्यावर उरतात १०. त्यापुढे ६८ मांडले की १०६८. सत्त्याण्णव अकरे १०६७. बाकी एक.

जगातल्या कुठल्याही खऱ्या आयबॅनची बाकी एकच उरते. नॉर्वेचा पंधरा चिन्हांचा असो की माल्टाचा एकतीस चिन्हांचा, उत्तर तेच. बँक ते ६८ कसे काढते? त्या जागी दोन शून्ये धरून भागाकार करते. इथे बाकी ३० येते, ती ९८ मधून वजा केली की ६८.

मुद्दाम चूक करून पाहू. मधले ५ आणि ४ यांची अदलाबदल करून ५३९००७४५७०३४ लिहा. नऊच्या ताळ्याला ही चूक दिसणार नाही. सत्त्याण्णवच्या ताळ्यात मात्र बाकी ४५ येते आणि यंत्र क्रमांक परत करते. याचे कारण साधे आहे. एक आकडा चुकला तर संख्येत पडणारा फरक म्हणजे १ ते ९ मधली एखादी संख्या गुणिले दहाचा कुठलातरी घात. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर त्यांच्यातल्या वजाबाकीची नऊपट गुणिले दहाचा घात. ९७ मूळ संख्या असल्याने यांपैकी कशालाच तिचा पूर्ण भाग जात नाही, म्हणून या दोन जातींची एकही चूक निसटू शकत नाही. अगदी मनाला येतील तसे आकडे ठोकले तर सत्त्याण्णवांतून साधारण एकदा ताळा चुकून जुळेल, इतकेच.

कोणाचाच क्रमांक न बदलता

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयबॅनचे मानक १९९७ साली प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक १३६१६. युरोपातल्या बँकांच्या मानक समितीला ते फार सैल वाटले. तिने आपली आवृत्ती काढून दोन गोष्टी पक्क्या केल्या : अक्षरे फक्त मोठ्या लिपीतली असावीत आणि एका देशातल्या सर्व आयबॅनची लांबी सारखी असावी. २००७ पासून या सगळ्या नमुन्यांची नोंदवही 'स्विफ्ट' या संस्थेकडे आहे. १९७३ साली ब्रुसेल्समध्ये बँकांनी मिळून स्थापन केलेली, बँकांचे आपसातले निरोप वाहून नेणारी ही संस्था.

मला या मानकात सर्वांत शहाणपणाची वाटते ती एक गोष्ट. त्याने कोणालाच आपला जुना क्रमांक टाकून द्यायला लावले नाही. पुढे देशाची दोन अक्षरे, ताळ्याचे दोन आकडे आणि त्यामागे प्रत्येक देशाची जी काही रचना असेल ती, जास्तीत जास्त तीस चिन्हांपर्यंत. म्हणून एकूण मर्यादा चौतीसची. सगळ्यांनी एकच लांबी स्वीकारावी असा आग्रह धरला असता तर हे मानक कागदावरच राहिले असते, असे मला वाटते.

याचा एक परिणाम असा की आयबॅन वाचणे म्हणजे गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडात चर खणण्यासारखे आहे. थरावर थर लागतात. ब्रिटनच्या बावीस चिन्हांत बँकेची चार अक्षरे आहेत, त्यामागे शाखेचा सहा आकडी 'सॉर्ट कोड' आणि मग आठ आकडी खाते. इटलीच्या सत्तावीस चिन्हांत पाचवे चिन्ह एक अक्षर आहे, तो त्यांचा जुना देशी ताळा. फ्रान्सच्या शेवटच्या दोन आकड्यांत आणि स्पेनच्या मध्यावरच्या दोन आकड्यांत तसाच देशी ताळा बसलेला आहे. म्हणजे नव्या ताळ्याच्या पोटात जुना ताळा.

जर्मनीचा थर तर फारच बोलका आहे. तिथल्या बावीस चिन्हांत पहिल्या चारांनंतर आठ आकड्यांचा बँक क्रमांक येतो. त्यातला पहिला आकडा प्रदेश सांगतो, सात म्हणजे बव्हेरिया. चौथा आकडा बँकेचे घराणे सांगतो : चार कॉमर्झबँकेचा, पाच बचत बँकांचा, सात डॉइच बँकेचा, सहा आणि नऊ सहकारी बँकांचे. आठ हा आकडा ड्रेस्डनर बँकेचा होता. ही बँक २००९ साली कॉमर्झबँकेत विलीन झाली, इमारतींवरचे तिचे नाव उतरले, पण तिच्या जुन्या खातेदारांच्या आयबॅनमध्ये चौथ्या जागी तो आठ आजही आहे. आपल्याकडे याच्या उलट झाले. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि १ मार्च २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. कागदोपत्री तिची खूणही उरली नाही.

सक्तीची वर्षे

मानक निघाले म्हणून लोक ते वापरतात असे नाही. रेटा आला तो युरोपच्या एक चलनातून. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या. नोट सीमा ओलांडून फुकट जात होती, पण तेच पैसे बँकेतून शेजारच्या देशात पाठवायचे तर मोठी फी पडत होती. १९ डिसेंबर २००१ च्या कायद्याने यावर बोट ठेवले. देशांतर्गत हस्तांतरणाला जी फी तीच सीमापारच्या हस्तांतरणाला. १ जुलै २००३ पासून १२,५०० युरोपर्यंतच्या रकमांना हे लागू झाले. त्यासाठी ग्राहकाने घेणाऱ्याचा आयबॅन आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्यायचा. स्वस्त फी हवी तर आयबॅन द्या, असा हा सौदा होता.

२८ जानेवारी २००८ रोजी युरोपची सामाईक हस्तांतरण पद्धत सुरू झाली, आणि २०१२ च्या कायद्याने देशोदेशीच्या जुन्या पद्धती बंद करायची तारीख ठरवली, १ फेब्रुवारी २०१४. तयारी अपुरी पडली म्हणून सहा महिन्यांची सवलत मिळाली. जर्मन लोकांनी रशियाच्या भयंकर इव्हान झारच्या नावावर कोटी करून 'आयबॅन भयंकर' असे या क्रमांकाचे नाव पाडले. खरे तर जर्मन माणसाला नवे असे दोनच आकडे लक्षात ठेवायचे होते, बाकीचा क्रमांक त्याचा जुनाच होता. डच लोकांचा जिरो ५५५ मात्र आता एनएल०८ आयएनजीबी ०००० ०००५ ५५ झाला. तीन आकड्यांची अठरा चिन्हे. हिशेब करून पाहिला, बाकी एक उरते. आधी ज्या क्रमांकाला ताळा नव्हता त्याला तो मिळाला, त्याची किंमत पंधरा जादा चिन्हे.

आणखी एक गोष्ट कोणी योजली नव्हती. पहिल्या दोन अक्षरांवरून खाते कोणत्या देशातले ते उघड दिसते. आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात तसेच. फ्रान्समधल्या एखाद्या मालकाने लिथुआनियाच्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या खात्यात पगार भरायला नकार द्यावा, वीज कंपनीने देशातलाच आयबॅन मागावा, असे प्रकार होऊ लागले. २०१२ च्या कायद्याने याला मनाई केली आहे, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत.

आपल्या फॉर्ममधला रिकामा रकाना

भारताने आयबॅन स्वीकारलेला नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन आणि जपान यांनीही नाही. आपल्याकडे शाखेसाठी अकरा चिन्हांचा आयएफएससी आहे : चार अक्षरे बँकेची, मग एक शून्य, मग सहा चिन्हे शाखेची. खाते क्रमांकाची लांबी मात्र ज्या त्या बँकेची वेगळी. सर्व बँकांना एकसारखी रचना द्यावी का, याचा विचार रिझर्व्ह बँकेच्या एका तांत्रिक समितीने केला होता. तसा बदल अजून झालेला नाही.

म्हणून परदेशी फॉर्मवर भारतातल्या खात्याचा आयबॅन मागितला तर तो रकाना रिकामा ठेवावा. खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी आणि बँकेचा आठ किंवा अकरा चिन्हांचा स्विफ्ट कोड द्यावा. कोणी खाते क्रमांकापुढे 'आयएन' जोडून आयबॅन 'तयार' करून दिला तर तो घेऊ नये. जिथे आयबॅन आहे तिथेही तो देण्याचा अधिकार खाते असलेल्या बँकेचाच असतो. तो खातेउताऱ्यावर छापलेला असतो, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तर कार्डावरच.

संयुक्त अरब अमिरातीने १९ नोव्हेंबर २०११ पासून आयबॅन सक्तीचा केला. तेवीस चिन्हांचा, 'एई'ने सुरू होणारा. त्यामुळे गंमत अशी की कोकणातल्या माणसाच्या दुबईतल्या खात्याला ताळ्याचे दोन पक्के आकडे आहेत, पण तो ज्या खात्यात घरी पैसे पाठवतो त्याची रचना बँकेगणिक वेगळी. जगात परदेशातून घरी येणाऱ्या पैशांत भारत पहिल्या क्रमांकावर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न किती मोठा ते कळते.

नाव गेले आणि नाव परतले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. ताळा क्रमांकाविषयी एकच गोष्ट सांगतो, की तो नीट लिहिला आहे. क्रमांक कोणाचा आहे हे तो सांगत नाही. हुंडीवरचा पहिला पहारा यंत्राने उत्तम सांभाळला. दुसऱ्याचे काय झाले?

१४ ऑक्टोबर २०१० रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येतील, आणि बरोबर क्रमांक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. कारणही दिले होते : आपल्याकडे एकच नाव अनेक तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे नावे तंतोतंत जुळवणे कठीण. हे कोणाही मराठी माणसाला पटेल. दत्तात्रय की दत्तात्रेय, वडिलांचे नाव मध्ये आहे की नाही, आडनाव आधी की शेवटी, लग्नाआधीचे की नंतरचे, आणि हे सगळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये गेल्यावर तर बघायलाच नको. युरोपातही २००७ आणि २०१५ च्या कायद्यांनी हेच ठरवले : दिलेल्या क्रमांकाप्रमाणे पैसे गेले म्हणजे बँकेचे काम बिनचूक झाले. फॉर्मवर नावाचा रकाना राहिला, पण तो कोणी वाचायचा नाही.

लबाडांनी हे लवकर ओळखले. घरमालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल येते : आमचे खाते बदलले आहे, यापुढे या क्रमांकावर पैसे भरा. क्रमांक खरा असतो, बाकी एक उरते, यंत्र कुरकुर करत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे परदेशातल्या खोलीचे अनामत पैसे असेच गेले. त्याने नाव घरमालकाचेच लिहिले होते. बँकेचे उत्तर आले की आपण दिलेल्या क्रमांकावर रक्कम जमा झाली आहे. कायद्याने ते उत्तर बरोबर होते. वडिलांनी ते पत्र मला दाखवले आणि विचारले, "मग नाव कशाला लिहून घेतात?"

त्यांच्या प्रश्नाला आता दोन्हीकडून उत्तर आले आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांतल्या बँकांना, पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे तपासून ग्राहकाला सांगणे बंधनकारक केले. तपासणी न केल्यामुळे पैसे चुकीच्या माणसाकडे गेले तर भरपाई बँकेने करायची. आपल्याकडे ३० डिसेंबर २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटी या दोन्ही पद्धतींत घेणाऱ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय सर्व बँकांनी करावी, आणि तीही फुकट. यूपीआयवर तर हे आपण रोज पाहतोच.

दोन्ही उत्तरांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. युरोपात दोन नावांची तुलना यंत्र करते आणि 'जुळले', 'जवळपास जुळले' किंवा 'जुळले नाही' असा निकाल देते. आपल्याकडे बँकेत नोंदलेले नाव पाठवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठेवले जाते. पुढे जायचे की थांबायचे, ते त्याने ठरवायचे. २०१० साली जे कारण देऊन नाव बाजूला ठेवले होते, ते कारण अजून तसेच आहे. आपली नावे काही एकसारख्या स्पेलिंगची झालेली नाहीत. पण देशपांडे हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले तरी ते आपल्याच देशपांड्यांचे आहे की नाही, हे त्यांना ओळखणाऱ्याला कळते. शहाजोग हुंडीचे पैसे देण्याआधी पेढीवरचा मुनीम समोरच्या माणसाची चौकशी करी. ते काम आता मोबाइल हातात धरलेल्या प्रत्येकाकडे आले आहे. त्यासाठी पडद्यावर आलेले नाव घाई न करता, पूर्ण वाचायला हवे.